बांधाला पडलेलं भोक

१९ जानेवारी

शेतीखात्याच्या बाई म्हणाल्या, रोज शेतात रोवलेल्या नळीतलं पाणी बघा आणि तारीख घालून लिहून ठेवा. लिहिते. नळीत पाणी काठोकाठ, कारण लावणी होऊन आठवडासुद्धा झालेला नाही. झालं सरकारी काम. उरलेलं पान माझं. या घरात बोलायची सोय नाही. मी एक वाक्य बोलले की भिंतीपलीकडे धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबतात, म्हणजे कान इकडे लागले.

काल मामंजींनी दोन्ही मुलांना आणि आम्हा दोघी सुनांना समोर बसवलं. विषय खालच्या शेताचा. वरचं शेत भाऊजी करतात, खालचं आम्ही. दोन्ही अजून मामंजींच्याच नावावर आणि दोन्हींना मिळून विहीर एक. ती दर वर्षी जरा आधीच तळ दाखवते. गेल्या वेळी दाणा भरायच्या दिवसांत पंपाने नुसतं फुसफुस केलं आणि खालच्या शेतातलं निम्मं भात पोचट निघालं. भाऊजींचं म्हणणं, एका विहिरीवर दोन शेतांचा भात आता होणे नाही. खालच्या शेताची वरची दोन हात माती वीटभट्टीवाल्याला द्यायची. तो बदल्यात विटा देईल, त्या विटांत त्यांचं वेगळं घर उभं राहील. खड्ड्यात पुढे मासे सोडू, म्हणे. हे सगळं ते अशा शांतपणे सांगत होते जसं काही केस कापायचेत, परत वाढतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मातीत किती जणांची हाडं झिजली आणि हे ती भाजून भिंती घालणार. मी म्हणाले, निम्म्या पाण्यात भात काढून दाखवते. आता ते रागात बोलले की विचार करून, ते मलाही सांगता येणार नाही. पण मामंजींनी शब्द तिथल्या तिथे धरला. म्हणाले, एक हंगाम देतो. पंपाच्या पाळ्या निम्म्या, पोती दर वर्षीइतकी. जमलं तर मातीला कुणी हात लावणार नाही. नाही जमलं तर धाकट्याचं ऐकायचं.

आमचे हे जमिनीकडे बघत बसले होते. झोपताना हळूच विचारलं, "जमेल का पण?" म्हटलं, हा प्रश्न तिथे भावाला विचारायचा होता, माती कापणं जमेल का म्हणून. त्यावर यांनी कूस बदलली.

२ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा शेत वाळू दिलं.

बाईंची पद्धत अशी आहे की भातात कायम पाणी तुंबवून ठेवायचं नाही. भोकं पाडलेली हातभर नळी चिखलात रोवायची, आतला चिखल उपसायचा आणि वरून डोकवायचं. पाणी जमिनीखाली वीतभर उतरलं की मगच पंप लावायचा, तोवर खुशाल वाळू द्यायचं. फक्त फुलोऱ्याच्या वेळी दोन बोटं पाणी उभं ठेवायचं. याने पाणी वाचतं, मुळं खोल जातात, आणि तुंबलेल्या चिखलातून एक वायू उठतो तोही कमी होतो. तो हवेला फार वाईट, म्हणे. चिखलात पाय घातला की बुडबुडे येतात ते मीही बघत आलेय, मला आजवर ते बेडकाचं काम वाटायचं.

आमचं शेत सपाट नाही. भाऊजींच्या बांधालगतचा पट्टा खोलगट आहे आणि रस्त्याकडचा भाग उंच. म्हणून बाईंनी दोन नळ्या दिल्या, एक बांधाजवळ, एक रस्त्याकडे.

रस्त्याकडे भेगा पडल्या. बोट जाईल एवढ्या. येणारा जाणारा थांबून बघतो आणि आमच्या घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करतो. एक म्हातारा तर म्हणाला, "पंप बिघडलाय का हो?" मी म्हणाले, पंप ठीक आहे, माझं डोकं बिघडलंय.

हे दिवसभर बांधावरून चकरा मारत होते. भेगेत बोट घालून बघितलं, मग ते बोट फडक्याला पुसावं तसं माझ्या ओढणीला पुसलं. चुकून. जेवताना यांचा घास पुढे सरकत नव्हता. भाताला दुखत असेल का, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, भाताला विचारून सांगते.

११ फेब्रुवारी

रस्त्याकडची नळी रिकामी. बांधाजवळच्या नळीत पाणी. कुठून आलं? आमची पाळी होऊन बरेच दिवस झालेत. बांध चाचपत गेले तर गुडघ्याच्या उंचीवर भोक, आणि त्यातून वरच्या शेतातलं पाणी आमच्यात झुळझुळतंय. खेकड्याचं काम. दगड घालून चिखलाने बुजवलं. हात कोपरापर्यंत भरले.

१३ फेब्रुवारी

परत पाणी. परत भोक, दगडाच्या शेजारी.

२० फेब्रुवारी

हा खेकडा नाही. खेकडा वाकडंतिकडं कोरतो, मातीच्या गोळ्या बाहेर टाकतो. हे भोक सरळ आहे, कुणीतरी पहार घालून काढावं तसं. बाहेर एक गोळी नाही.

यांना सांगितलं तर म्हणाले, खेकडाच असेल. मी म्हटलं, खेकड्याकडे पहार असते का? तर संध्याकाळी हे डब्यात एक खेकडा घेऊन आले. "बघ, सापडला बांधात." मी बघितला. चांगला मोठा, ओढ्यातल्या खडकात असतात तसला काळा. आमच्या बांधात असले नसतात, पण माणसाने एवढी धडपड केली म्हणून काही बोलले नाही. एक मात्र खरं, या माणसाच्या भोळेपणाला तोड नाही. भाऊ पाठीत सुरी घालतोय आणि हे खेकडे पकडतायत.

होय, भाऊ. दुसरं कोण? बांध त्यांचा, पहार त्यांची, विटा त्यांना हव्यात. माझं शेत चोरून ओलं ठेवायचं आणि शेवटी म्हणायचं, निम्म्या पाण्यात कुठे, हिने तर माझं पाणी प्यायलं. मग अट मोडली, माती गेली.

२७ फेब्रुवारी

आज विहिरीवर झालं ते होणारच होतं.

पाळी भाऊजींची होती. मी रस्त्याकडची नळी बघायला निघाले होते. त्यांनी पंपाजवळूनच विचारलं, "वहिनी, माझ्या शेतातलं पाणी टिकत नाही आजकाल. तुमच्याकडे उतरतंय का?" आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात. आसपासची चार माणसं पंप बघायच्या निमित्ताने तिथेच होती. त्यांच्यासमोर हा प्रश्न, म्हणजे चोर कोण ते आधीच ठरलं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हणाले, उतरत नाही, उतरवलं जातंय. पहार घालून बांध फोडणारा चोर माझ्यासमोर उभा आहे आणि वर मलाच विचारतोय. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "चोर? मला म्हणताय?" मी म्हणाले, इथे दुसरा कुणी दिसत नाही. मग आणखीही बरंच बोलले. विटांच्या घरात झोप लागेल का, वगैरे. कुणी मध्ये पडलं नाही. हे तिथेच पाइप गुंडाळत होते. त्यांना अचानक खोकल्याची उबळ आली आणि ते विहिरीमागे गेले ते आलेच नाहीत.

घरी येऊन मी तांब्याभर पाणी प्यायले. बरं वाटलं.

५ मार्च

धाकटीने बोलणं टाकलंय. पूर्वी मीठ संपलं की वाटी इकडे यायची, आता ती दुकानात जाते. तिची मुलगी दारातून माझ्याकडे बघून हसली तर आईने आत ओढली. ओढू दे. मी काही खोटं बोललेले नाही.

घरात मला एकट्या यांचा आधार. आजकाल माझ्या आधी उठतात. मी उठते तेव्हा चहा तयार असतो, पॅंटची टोकं ओली असतात, नखांत चिखल. फेरी मारून आलो म्हणतात. आज मी जरा लवकर गेले तर हे बांधापाशी उकिडवे बसून दोन्ही हातांनी भोक बुजवत होते. मला बघून दचकले. माझा ऊर भरून आला. भाऊ फोडतोय आणि हा माणूस एक अक्षर न बोलता रोज पहाटे जाऊन बुजवतोय. किती वेळा याला मी मुळमुळीत म्हटलं असेन. आज मी त्यांच्या ताटात जास्त वाढलं. जेवले नाहीत.

१२ मार्च

आज अक्षर वाईट येईल.

मामंजींनी पुन्हा सगळ्यांना बसवलं. विहिरीवरचं भांडण त्यांच्या कानावर गेलंच होतं, आणि काल ते स्वतः काठी टेकत शेतावर जाऊन भोक बघून आले. बसल्या बसल्या त्यांनी निकालच दिला. म्हणाले, "धाकट्या, भोक माणसाच्या हाताचं आहे. थोरली बांध फोडून स्वतःची अट मोडणार नाही. राहिलास तू. विटांचा विषय संपला."

जिंकले. एवढं सोपं. माती राहिली.

भाऊजी उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. "मी हात लावलेला नाही. माझंच पाणी जातंय, मी कशाला फोडू?" मी लगेच उत्तर दिलं की पाणी गेलं की दुप्पट पंप चालवता येतो, विहीर लवकर आटते, मग माझं शेत आपोआप मरतं, एवढा हिशेब तुम्हाला जमतो. धाकटी रडायला लागली. म्हणाली, ताई, ते तसे नाहीत हो.

आणि तेवढ्यात हे काहीतरी बोलले. पहिल्यांदा कुणाला ऐकूच आलं नाही, नेहमी असंच असतं. मामंजी म्हणाले, मोठ्याने बोल.

"भोक मी पाडत होतो."



"रोज पहाटे पाडायचो. थोडं पाणी घेतलं की उजाडायच्या आत बुजवायचो. कधी नीट बुजायचं नाही." मग भावाकडे न बघता म्हणाले, "त्याचा काही संबंध नाही. पाणी त्याचं होतं एवढंच."

लग्नाला इतकी वर्षं झाली. दूधवाल्याशी बोलायला हा माणूस मला पुढे करतो. चार लोकांत आयुष्यात एकदा तोंड उघडलं, तेही मला बुडवायला. जिंकलेली बाजी. हातात आलेली. दहा श्वास गप्प बसले असते तर काय जीव जात होता? एरवी मूग गिळून बसण्यात कुणाला हार जात नाहीत.

मामंजींनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, आता कुणाचंच खरं धरत नाही. भोक बंद. कापणीला पोती मोजू. अट तीच.

भाऊजी उठून गेले. जाताना माझ्यासमोर थांबले होते, का कोण जाणे. मी भिंतीकडे बघत होते.

१३ मार्च

विचारलं शेवटी. का केलंत?

म्हणाले, "भेगा बघवत नव्हत्या. आणि तू हरली असतीस, तर तेही बघवलं नसतं."

म्हणजे मी हरणार हे तुम्ही धरूनच चालला होता, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली नाही, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. मी पंप चालवते, खत मी आणते, नळीत डोकावून मान माझी मोडते, आणि माझा नवरा रोज पहाटे उठून बांधाला भोक पाडतो, कारण त्याच्या मनात मी आधीच हरलेली आहे. भाऊजींनी निदान तोंडावर सांगितलं होतं की हे होणार नाही.

माझं आणि यांचं बोलणं बंद. म्हणजे माझं. त्यांचं होतंच.

२४ मार्च

फुलोरा. दोन बोटं पाणी उभं केलं. पाळ्या वाचवून ठेवल्या होत्या म्हणून देता आलं. भाऊजींना पंप रात्रंदिवस चालवूनही वरच्या शेताच्या कडेला पाणी पोचत नव्हतं.

बाई येऊन बघून गेल्या. बांधालगतचा पट्टा उंच, गर्द हिरवा. रस्त्याकडचा जरा बुटका. बघणारे म्हणतात, बांधाकडचा बघा कसा तरारलाय. यांच्या तोंडावर आपण काहीतरी चांगलं केलं असा भाव दिसला मला. बघून डोकं फिरलं.

१५ एप्रिल

काल दुपारी वारा सुटला. असा वारा की गोठ्याचा पत्रा उडून पलीकडच्या झाडाला अडकला. मागून थोडा पाऊस. अर्ध्या तासात सगळं शांत.

शेतावर गेले. वरचं शेत, भाऊजींचं, सगळंच्या सगळं आडवं. कुणी वरून चटई लोळवावी तसं. आमच्या शेतात बांधालगतचा पट्टा आडवा, लोंब्या चिखलात. आणि रस्त्याकडचा भाग उभा. पूर्ण उभा. भाताचं एक ताट वाकलेलं नाही.

मी खाली बसून दोन्हीकडचं एकेक ठोंब उपटलं. बांधाकडचं मुठीत घेताच निघालं, मुळं आखूड, काळपट. रस्त्याकडचं निघता निघेना, दोन्ही हात लावले तेव्हा निघालं आणि मागे पडले. मुळं हातभर, पांढरीशुभ्र. भेगांतून खाली गेलेली. तशीच उठले आणि ती दोन ठोंबं घेऊन रस्त्यावर उभी राहिले, जो दिसेल त्याला दाखवली. पंप बिघडला का विचारणारा म्हातारा आला, त्याच्या नाकाला मुळं लावली. त्याने बराच वेळ ती बोटांत धरून बघितली. भाऊजी त्यांच्या बांधावर उभे होते. तेही बघत होते.

मग घरी येताना कळलं मला. बरोबर होते मी. आणि तरीही हरले आहे. तो आडवा पट्टा, ते चिखलातलं भात, ते माझं नाही. ते यांच्या दयेचं भात आहे. त्याची पोती होणार नाहीत. सगळं शेत वाळू दिलं असतं तर सगळं उभं असतं.

यांनी दारातच विचारलं, किती पडलं? मी म्हटलं, तुम्ही पाजलंत तेवढं.

२८ एप्रिल

कापणी, झोडणी झाली. पडलेल्या भाताला चिखलातच मोड आले होते. मामंजींनी खुर्ची मागवून मोजणी केली. कमी भरलं. थोडंच कमी, पण कमी.

मी भांडले. भाऊजींच्या शेतापेक्षा कितीतरी जास्त आहे, उभ्या भागाचं तर दर वर्षीहून चांगलं आलंय, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मामंजी म्हणाले, "सूनबाई, अट शेताची होती, अर्ध्या शेताची नव्हती." त्यांचा आवाज काही आनंदाचा नव्हता. पण शब्द म्हणजे शब्द, या घरात एवढं एकच धोरण आहे.

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, जणू माझंच काही बोलायचं राहिलंय. कावेबाज माणूस. जिंकूनही चेहऱ्यावर दाखवत नाही.

३ मे

धाकटी आली होती. किती दिवसांनी उंबरा ओलांडला. बसली नाही. म्हणाली, वीटवाला दोनदा येऊन गेला, भाऊजींनी दोनदा पुढच्या आठवड्यात या म्हणून परत पाठवलं.

मी म्हटलं, छळायचं असेल मला. एकदाच काय ते कापा.

ती म्हणाली, "ताई, ते थांबलेत."

"कशासाठी?"

"तुम्हाला माहीत आहे."

मला काहीही माहीत नाही. थांबलेत तर थांबू देत. ती गेल्यावर हे म्हणाले, मी भावाकडे जाऊन आलो परवा, चुकलो म्हणालो. तो म्हणाला, दादा, तुझं मिटलं रे, राहिलंय ते तुझ्याशी नाहीच. मग हे माझ्याकडे बघत राहिले. या घरात सगळे मुके झालेत आणि नुसते बघतात. मी म्हटलं, तुम्ही तर तोंड उघडूच नका, उघडलंत की काय होतं ते बघून झालंय.

रात्रभर डोळा लागला नाही. उकडत होतं.

९ मे

सकाळी यंत्र आलं. मागे वीटवाल्याची गाडी. भरलेल्या गाडीला रस्त्याकडची बाजू शेवटपर्यंत सपाट हवी, म्हणून त्यांनी बांधालगतच्या पट्ट्यापासून सुरुवात केली.

मी मागच्या दारात उभी राहून बघत होते. तिथून सगळं दिसतं. लोखंडी पंजा खाली गेला आणि वर आला तेव्हा त्यात काळी माती होती. धसकटासकट. मला वाटलं, मी ओरडणार. एरवी पान हललं तरी ओरडते. तोंडातून आवाज आला नाही. दुसरा पंजा. तिसरा. भाऊजी त्यांच्या बांधावर उभे होते, यंत्राकडे पाठ करून, तोंड आमच्या घराकडे. तेव्हाही मला वाटलं, माझी गंमत बघतायत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. गाडी कितीदा तरी भरून गेली आणि रिकामी परत आली. तेवढ्या वेळात पंजा पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि वळून रस्त्याकडच्या भागाला लागणार होता. जिथे भात उभं राहिलं होतं तिथे.

मग मी निघाले. चपला घातल्या नाहीत. ढेकळांतून चालत थेट भाऊजींपुढे जाऊन उभी राहिले. डोक्यात शिव्याच होत्या, खरं सांगते. तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"भाऊजी, मी तुम्हाला चोर म्हणाले. तुम्ही चोर नव्हतात."

ते म्हणाले, "ऐकू नाही आलं." यंत्राचा आवाज होताच, पण त्यांना ऐकू आलं होतं, चेहऱ्यावर कळत होतं. "विहिरीवर चार लोकांत म्हणाला होतात, वहिनी."

चार लोक इथेही होते. यंत्रवाला, वीटवाला, रस्त्यावर थांबलेले. मी गळा ताणून पुन्हा म्हणाले. चोर नव्हतात, चूक माझी, कळल्यावरही बोलले नाही ती दुसरी चूक. इतक्या मोठ्याने म्हणाले की यंत्रवाल्याने वळून बघितलं. रागातच म्हणाले. मला माफी मागायचा दुसरा आवाज येत नाही.

भाऊजींनी हात वर केला. यंत्र थांबलं. वीटवाला काहीतरी बडबडला, त्याला म्हणाले, एवढी नेलीत तेवढी पुरे, माझं घर नंतर बघू. मग माझ्याकडे वळले.

"कापणीच्या दिवशी म्हणाला असतात तर यंत्र इथवर आलंच नसतं. मी रोज वाट बघत होतो. आजसुद्धा सकाळपासून दारातून निघालात की थांबवू म्हणून बघत होतो."

मी दारात उभी होते तेवढ्या वेळात तो पट्टा गेला. मी गप्प बसले तेवढी माती गेली. यांनी चोरून पाणी पाजून नुकसान केलं ते एका हंगामाचं. मी केलं ते परत भरून निघायचं नाही.

१० मे

सकाळी दोघे भाऊ कापलेल्या पट्ट्याच्या कडेला उभे होते, मागे आम्ही दोघी जावा. भाऊजी म्हणाले, आधी बांध धरायला हवा, नाहीतर वरचं शेत या खड्ड्यात येऊन बसेल. पुढच्या हंगामात वरच्या शेतातही नळी घालू म्हणाले, पण बांधाला कुणी हात लावायचा नाही. ते तुमच्या दादांना सांगा, मी म्हणाले. धाकटी हसली.

सगळे गेल्यावर हे खड्ड्यात उतरले आणि फावड्याने कडा तासायला लागले. मी वर बसून बघत होते. राग आहेच अजून, तो एका दिवसात जाणारा नाही, यांच्यावरचा आणि माझ्यावरचाही. मग मी म्हणाले, पुढच्या वेळी शेत वाळताना बघवलं नाही तर मला सांगायचं. तोंडाने. मी हरणार असं वाटलं तरी सांगायचं. पहाटे उठून भोकं पाडायची नाहीत.

फावडं थांबलं. म्हणाले, "सांगायचा प्रयत्न केला होता. तुझ्यापुढे आवाज निघत नाही."

"मग ओरडा."

"तुझ्यावर?"

"हो," मी म्हटलं. "मला ओरडलेलंच कळतं."